निखारेकाकांचं फडकं

निखारेकाकांनी माझ्यावर पहिला संशय घेतला तो मी गॅरेजमध्ये कामाला लागले त्याच दिवशी, माझा पहिला चहा संपायच्या आत. शहराबाहेर वाडीला एका ट्रॅव्हल्सवाल्याचं बसगाड्यांचं गॅरेज होतं आणि तिथल्या स्टोअरची मी नवी इन्चार्ज. खिडकीशी एक उंच, वाळका माणूस आला. खाकी शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, चष्म्याला दोरी आणि एक डोळा बारीक केलेला. त्याने कूलंट मागितलं. मी सीलबंद कॅन पुढे केला. त्याने तो उलटा केला, कानाशी नेऊन हलवला, झाकणाचा वास घेतला आणि मग माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच रात्री घरी बसून तो कॅन भरून आणला होता.

"हे कोणी भरलं?"

"कंपनीतून आलंय काका. सील आहे, बघा ना."

"सील लावते कोण? माणूसच ना वं? मंग?"

हा "मंग?" पुढे मी कित्येक वर्षं ऐकला. त्याला उत्तर नसायचं आणि काकांना ते नकोही असायचं. प्रश्न टाकून ते निघून जायचे आणि आपण उगाचच स्वतःचे खिसे चाचपत बसायचो.

वामन निखारे, हेडमिस्त्री. आमच्याकडे डिझेल इंजिन उघडायचं आणि मिटायचं ते त्यांच्याच हातून. तोंडावर सगळे त्यांना काका म्हणत आणि पाठीमागे शक्कीकाका. हे त्यांना ठाऊक होतं. त्यांचा शक कोणावर नव्हता? टायरवाल्यावर, पेपरातल्या हवामानावर, औषधाच्या दुकानावर, आमच्या मालकाच्या, म्हणजे सेठच्या हसण्यावर. तर्री-पोहे खातानाही ते आधी चमच्याने तर्री तळापासून ढवळत. "वरून तं साऱ्याचीच लाल असते. खाली काय बसलं ते पाह्याव." पेटीला कुलूप लावून निघाले की वाटेतून परत यायचे आणि कुलूप ओढून बघायचे. फक्त घरून आलेला डबा ते न तपासता उघडत. एकदा मी त्यांना त्यावरून छेडलं, "काकूंवर बरा संशय नाही तुमचा!"

"तिचा माह्यावर हाय ना," ते भाकरी मोडत म्हणाले, "एका घरात दोघं कशाले?"

त्यांच्या संशयाचं खरं राज्य मात्र पाण्यावर होतं. इंजिनात ऑइल आणि पाणी आपापल्या वाटेने फिरतं. मधली पॅकिंग फाटली की दोघं एकमेकांत शिरतात आणि आत ताकासारखा राडा होतो. इंजिन दुरुस्त झालं म्हणून तो राडा जात नाही. रेडिएटरच्या नळ्यांत, पायपांच्या वळणांत तो चिकटून बसतो आणि गाडी रस्त्याला लागली की आपले रंग दाखवतो. म्हणून दुरुस्तीनंतर साबणाचं पाणी भरायचं, इंजिन चालवून गरम करायचं, पाणी सोडायचं, आणि पुन्हा साधं पाणी भरून तेच करायचं. इतर गॅरेजांतले मिस्त्री दोन-तीनदा पाणी सोडून "झालं" म्हणत. काकांना "झालं" हा शब्दच संशयास्पद वाटायचा. ते बादलीच्या तोंडावर पांढरं सुती फडकं ताणून बांधत आणि रेडिएटरचं पाणी त्यावर सोडत. मग फडकं तारेवर वाळत टाकत. वाळलं की उन्हात धरून आधी एका बाजूने आणि मग उलटून दुसऱ्या बाजूने बघत. त्यावर तेलाचा एक डाग किंवा गंजाचा एक कण दिसला तरी पुन्हा पहिल्यापासून. खोळंबलेले ड्रायव्हर लांबून विचारायचे, "काका, कापडात पास झाली का गाडी?"

"तुह्यापेक्षा लवकर होईन," काका वर न बघता सांगत.

आवारातल्या बोअरचं पाणी तर त्यांनी इंजिनाच्या जवळपासही येऊ दिलं नाही. त्या नळाच्या तोंडाशी पांढरे थर जमलेले असत. "हे पाणी नाही, चुना हाय," ते म्हणत. कोणी तिथे कॅन घेऊन दिसला की हातातला पाना टाकून ते त्याच्या मागे जायचे.

ते फडकं साधं नव्हतं, हे मला साडीमुळे कळलं. मला आईसाठी सुती साडी घ्यायची होती. काका म्हणाले, "एकटी नको जाऊ, फसवतीन तुले." इतवारीतल्या दुकानात त्यांनी जी साडी समोर येईल ती उलटी केली. दुकानदार वैतागला. काका शांतपणे म्हणाले, "सरळ बाजू दुकानदाराची, उलटी बाजू विणणाऱ्याची. मले विणणाऱ्याले भेटाचं हाय." शेवटी एक साडी त्यांच्या पसंतीला उतरली. दुकानातून बाहेर पडल्यावर त्यांनी रस्त्यातच ती पुन्हा एकदा उलटून पाहिली.

परत येताना त्यांनी सांगितलं की त्यांचं घर कोष्ट्यांचं, गोळीबार चौकातलं. वडील हातमागावर लुगडी विणायचे. एकदा नेहमीच्या व्यापाऱ्याने दिलेलं लाल सूत कच्च्या रंगाचं निघालं. पहिल्याच धुण्यात लुगड्यांचा रंग सुटला आणि सगळा माल परत आला. सुताचं नाव कोणी घेतलं नाही. म्हाताऱ्याचा हात आता गेला, असंच सगळे म्हणाले. व्यापारी तर समोर उभा राहून म्हणाला.

"मंग बापानं रंगच सोडला. पांढरं पंचाचं कापड विणे. काठात फक्त एक निळा धागा टाके, आपली खूण म्हणून. घेणारा कोणी नव्हता, तरी विणतच राह्यला. त्याचं थान, आख्खा तागा, अजून हाय घरी. संपतच नाही." थोडं चालून ते पुढे म्हणाले, "हात चांगलाच होता त्याचा. भरोसा खराब होता."

त्यानंतर तारेवर वाळणाऱ्या फडक्यांकडे मी नीट पाहिलं. प्रत्येकाच्या काठात एक निळा धागा होता.

माझ्या भावाचं लग्न धरमपेठेतल्या एका हॉलमध्ये होतं. काका आले ते काखेत कापडी पिशवी घेऊन. मला वाटलं आहेर असेल. पिशवीत त्यांच्या चपला होत्या. अक्षता टाकताना, जेवताना, फोटो काढतानासुद्धा ती पिशवी त्यांनी सोडली नाही. आमच्याकडच्या फोटोत नवरा-नवरीच्या शेजारी चपला घेतलेला तो माणूस अजून उभा आहे. प्रवासातही तेच. ट्रायलला बसमध्ये बसले तरी चपला पिशवीत आणि पिशवी मांडीवर. आणि झोपणं तर नाहीच. "चालत्या गाडीत डोळा लावते तो एक तं लहान लेकरू, नाही तं भोळा. स्टेअरिंग दुसऱ्याच्या हातात असल्यावर झोप येतेच कशी, हे मले सांग."

हे त्यांनी मला नव्हे, गजभियेला विचारलं होतं. गजभिये आमच्याकडे छिंदवाड्याच्या रूटवर ड्रायव्हर होता. इंदोरा वस्तीतला, चाळिशीतला, कमी बोलणारा. गाडी अशी चालवायचा की मागे बसलेल्याच्या हातातला चहा हिंदकळत नसे. काकांनी त्याच्यावर जितका संशय घेतला तितका क्वचितच कोणावर घेतला असेल, कारण त्याच्यात खोट सापडत नव्हती आणि काकांच्या हिशेबी हीच सगळ्यात मोठी खोट होती. मी एकदा गजभियेला विचारलं, राग नाही का येत? तो हसला. "ताई, काका साऱ्यायवर सारखाच शक करते. लहान-मोठा पाहत नाई. एवढी बरोबरी मले दुसऱ्या कुठी नाई भेटली."

त्याच्याच गाडीची पॅकिंग फाटली. काकांनी इंजिन उघडलं. त्यांची एक रीत होती. पाइप काढला की त्याच्या उघड्या तोंडात ते त्याच कापडाचा बोळा कोंबून ठेवत. "उघडं तोंड दिसलं की दुनिया त्यात काही तरी टाकते." म्हणजे कोणाचा नट पडेल, कोणी विडी टाकेल, कोणी मुद्दाम काही घालेल. काम संपलं की बोळे काढायचे आणि पाइप बसवायचे.

पाइप बसवण्याचं काम चाललं असताना गजभिये बोअरच्या नळावर कॅन भरताना त्यांना दिसला. काका ताडकन उठले. मी खिडकीतून सगळं बघत होते.

"कॅनमध्ये काय हाय?"

"पाणी हाय काका."

"ते मलेही दिसून राहिलं. कशाले पाह्यजे?"

"काच धुवाले."

"काच धुवाले एवढं? काहून? रेडिएटरमध्ये टाकाले भरून राहिला तू! रस्त्यात कमी पडलं की हेच ओतशीन."

गजभिये काही सांगायला गेला, पण काकांनी ऐकून घेतलं नाही. कॅन त्याच्याकडून रिकामा करवला, तो वाळतो की नाही ते बघत उभे राहिले आणि पुटपुटत परत येऊन त्यांनी उरलेले पाइप बसवले.

मग पाणी सोडण्याचं काम. पहिल्या खेपेला थोडा राडा आला आणि दुसऱ्याच खेपेला पाणी स्वच्छ निघालं. इतक्या लवकर पाणी साफ झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. काकांनी फडकं उन्हात धरलं, उलटलं, पुन्हा सुलटं केलं. डाग नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर चक्क हसू आलं. "पाह्य वं. आपल्या हाताची सफाई हाय हे." "मंग?" म्हणाले नाहीत. आज वाटतं, आयुष्यात ज्या एका दिवशी त्यांनी संशय घ्यायला हवा होता, नेमका त्याच दिवशी ते खूश होते.

पुढच्या फेरीत गाडी घाटात तापली. गजभियेने काटा चढताना पाहिला, गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, सवाऱ्या उतरवल्या आणि फोन केला. गाडी ओढून आणावी लागली. गॅरेजात सेठ वाटच बघत उभा होता.

"काटा नाही दिसला का तुले?"

"दिसला म्हणूनच तं थांबलो सेठ. एक चढावही पुढं नाही नेली."

"यानं बोअरचं पाणी टाकलं असन," काका म्हणाले. "कॅन घेऊन फिरताना मी याले माह्या डोळ्यानं पाह्यलं हाय."

काकांचा शब्द म्हणजे गॅरेजात शेवटचा शब्द. सेठ गजभियेला म्हणाला, "काका रेडिएटर उघडतील. तसं निघालं तर चाबी टेबलावर ठेव आणि चालता हो."

गजभिये येऊन माझ्या खिडकीशी उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता. "नोकरी जाऊ द्या ताई, दुसरी पाह्यतो. पण हे सारे मालक एकमेकायले फोन करते. 'यानं इंजिन जाळलं' असं एक डाव बोललं गेलं, मंग मले चाबी कोण देईन? मले दुसरं कोणतंच काम येत नाई." मला काकांचा राग आला होता, आणि ते बरोबर असतील अशी भीतीही वाटत होती, कारण तोवर ते कधी चुकलेले मी पाहिले नव्हते.

काकांनी रेडिएटरचा वरचा पाइप काढला. आत चुन्याचे थर दाखवायचे होते त्यांना. बॅटरी मारली, तर आत काहीतरी काळं, मऊ दिसलं. तारेला आकडा करून त्यांनी ते ओढलं. तेलाने आणि राड्याने माखलेली एक चिंधी बाहेर आली. नळ्यांच्या तोंडावर ती पसरून बसली होती. पाणी जाणार कुठून?

"बस, झालं!" सेठ म्हणाला. "ड्रायव्हरचं फडकं. गरम ढक्कन उघडताना आत पडलं, आणि साहेब गप्प."

हे सगळ्यांना पटलं, कारण तापलेलं झाकण सगळेच ड्रायव्हर चिंधी धरून उघडतात. गजभियेने खिशातून आपलं पिवळं फडकं काढून दाखवलं. "माहं तं हे हाय सेठ."

"तुझ्याकडे एकच असते काय?" सेठ म्हणाला आणि आपल्या केबिनमध्ये गेला. गजभियेने चाबी त्याच्या टेबलावर ठेवली आणि आपली बॅग आणायला तो गाडीत चढला. बघ्यांची गर्दीही पांगली. प्रकरण मिटलं होतं आणि काकांचा गजभियेवरचा संशय, पाण्याने नाही तरी फडक्याने, पुन्हा एकदा खरा ठरला होता.

पण मिटलेल्या गोष्टीवर भरवसा ठेवतील तर ते निखारेकाका कसले? ते चिंधी घेऊन नळावर गेले. आधी डिझेलमध्ये बुडवून पिळली, मग साबण लावून चोळली. बराच वेळ चोळत होते. मग त्यांचा हात थांबला. ते हौदाच्या काठावर बसले आणि त्यांनी मला हाक मारली.

"ताई, इकडं ये बरं. मले चष्म्यातून बराबर दिसून नाही राहिलं. हा कोणता रंग हाय?"

मी पाहिलं. काळपट झालेल्या त्या चिंधीच्या काठात एक धागा होता. त्यांना काय ऐकायचं होतं ते मला कळत होतं. मला ते म्हणता आलं असतं तर मी म्हटलंही असतं.

"निळा आहे काका."

त्यांनी ती चिंधी उलटली. उलट्या बाजूलाही निळाच होता. इतक्या वर्षांत तो माणूस मला कधी केविलवाणा वाटला नव्हता, त्या दिवशी वाटला.

"मीच उठून गेलो न त्याच्या कॅनमांगं," ते हळूच म्हणाले. "बोळा तसाच राह्यला. पाइप ठोकला वरून." त्यांनी चिंधी पुन्हा एकदा पिळली. "आतलं कापड सारा कचरा अडवून राह्यलं होतं, म्हणून बाहेरचं पांढरं निघालं. अन् मी ते उन्हात धरून नाचून राह्यलो होतो."

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"माह्या बापाले त्या व्यापाऱ्यानं भर बाजारात म्हटलं, हात गेला म्हणून. सूत कच्चं हाय हे त्याले माईत होतं. बोलला असता तं त्याचं काय जात होतं?" ते उठले. "गजभियेले बोलाव."

सेठसमोर त्यांनी ती ओली चिंधी टेबलावर ठेवली. "याले चाबी वापस द्या. कापड माहं हाय. माह्याच हातानं आत राह्यलं."

सेठ गोंधळला. हेडमिस्त्री गमावण्यापेक्षा ड्रायव्हर गमावणं त्याला सोयीचं होतं. तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "काका, चिंधी तर चिंधी. असं कापड बाजारात कुठेही मिळते. तुमचंच कशावरून?"

"नाही मिळत," काका म्हणाले. "विणणारा गेला."

मग काकांनी गजभियेकडे तोंड केलं. हात जोडायला लागले, तसे गजभियेने ते धरून खाली केले.

"हात नका जोडू काका. पण पुढच्या खेपेले कॅनमध्ये काय हाय म्हणून विचारसान, तं उत्तरही ऐकून घेत जा."

त्याने टेबलावरची चाबी उचलली आणि निघून गेला. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि काकांनीही विचारलं नाही.

यानंतर काका बदलले, असं कोणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. कॅनचा वास ते घेतच राहिले, तर्री ढवळतच राहिले. त्यांच्या संशयितांच्या यादीत फक्त एकाची भर पडली, ते स्वतः. पाइप बसवण्याआधी ते आता त्या गाडीच्या ड्रायव्हरला बोलावत आणि हातात बॅटरी देत. "पाह्य गा आत. बराबर पाह्य. माह्यावर भरोसा ठेवू नको." ड्रायव्हरांना याची गंमत वाटायची. "काका, तुमच्या बोळ्याले बी सील लावा आता!" असं कोणीतरी म्हणायचं. काका चिडत नसत. गजभिये मात्र त्यांची कधी थट्टा करायचा नाही. तो वाकून प्रत्येक तोंडात नीट बघायचा आणि म्हणायचा, "साफ हाय." काका त्याच्याकडे बारीक डोळ्याने बघत, काहीतरी बोलायला तोंड उघडत आणि पाइप बसवायला लागत.

निवृत्त झाल्यावर ते गॅरेजकडे फिरकले नाहीत. मला ते शेवटचे दिसले सावनेरला जाताना. मी मावशीकडे निघाले होते. सकाळची छिंदवाड्याची बस, स्टेअरिंगवर गजभिये. पुढच्या सीटवर काका. खाकीच्या जागी पांढरा शर्ट, बटणं तशीच गळ्यापर्यंत. लेकीकडे चालले होते.

"तू कुठी वं?" त्यांनी मला पाहताच विचारलं. "सेठनं पाठवलं का माह्या मांगं?"

"तुमच्यावर पाळत ठेवायला," मी म्हटलं.

"ठेवनच तो. मंग?" ते म्हणाले, आणि बरं वाटल्यासारखे हसले.

मी पलीकडच्या सीटवर बसले. तिकिटं झाली, गाव मागे पडलं. बोलता बोलता काका गप्प झाले म्हणून पाहिलं, तर त्यांची मान खिडकीला टेकली होती. तोंड किंचित उघडं. चष्मा दोरीवर छातीशी लोंबत होता. ते झोपले होते.

आधी मला खरंच वाटेना. मला वाटलं, डोळे मिटून गाडीचा आवाज तपासत असतील. पण त्यांचा श्वास संथ होता आणि हात मांडीवर सैल पडले होते. मांडीवर पिशवी नव्हती.

सावनेर जवळ आलं तशी मी उठले. त्यांच्या पायाशी एकच चप्पल होती. दुसरी गाडीच्या हेलकाव्यांनी सरकत सरकत ड्रायव्हरच्या सीटपाशी जाऊन पडली होती. ती उचलून आणावी म्हणून मी वाकले. गजभियेने रस्त्यावरची नजर न काढता, काकांना जाग येऊ नये इतक्या हळू आवाजात म्हटलं,

"राहू द्या ताई. मी पाहून राहिलो तिच्याकडं."